सावड, इर्जिक, पैरा, पडकई... तुमच्याकडे काय म्हणतात? आणि अजून चालू आहे का?

तरवा | २३ जून, २१:४२

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. विषय सावडीचा, म्हणजे आज मी तुझ्या शेतात राबायचं, उद्या तू माझ्या. थोडं लांबलंय, सांभाळून घ्या.

माझं गाव संगमेश्वर तालुक्यात. घरची भातशेती, फार नाही, सात खाचरं. मी नववीत होते त्या वर्षी मे महिन्यात बाबा फणसावरून पडले, मांडीचं हाड मोडलं, रॉड घातला आणि डॉक्टरांनी सांगितलं तीन महिने पाय टेकायचा नाही. मृगाचा पाऊस त्या वर्षी वेळेवर आला, दाढीत (रोपांच्या वाफ्यात) तरवा, म्हणजे भाताची रोपं, वाढत होता आणि घरात करणारं माणूस एकटी आई. ज्यांनी भात केलंय त्यांना माहितीये, तरवा कोणासाठी थांबत नाही. एकवीस ते पंचवीस दिवसांचा असताना लावला तर लावला, नाहीतर निबर होतो, मग त्याला फुटवे येत नाहीत आणि वर्षाच्या भाताला मार बसतो. म्हणजे अख्ख्या वाडीची घाई एकाच पंधरवड्यात, आणि त्यातच आमचं घर आडवं पडलेलं.

आईने कोणाला बोलावलं नव्हतं. खालच्या घरातली काकी एका संध्याकाळी आली, "उद्या तुमच्याकडं येतोय सगळी, तू फक्त च्याचं बघ" एवढंच बोलली आणि गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला चौदा बायका आणि तीन जोतं (नांगराच्या बैलजोड्या) आमच्या शेतात. पुरुष चिखलणी करत पुढे, बायका मागून पावसासाठी पानांची इरली पाठीवर घेऊन ओणव्या, मी आणि माझा भाऊ तरव्याच्या मुठी पोचवत होतो. दिवस मावळायच्या आत सातपैकी पाच खाचरं लावून झाली, उरलेली दोन परवाच्या दिवशी. बाबा पडवीत खाटेवर पडून सगळं ऐकत होते, त्यांना तिथून शेत दिसत नव्हतं, फक्त गाणी ऐकू येत होती.

पण मला सांगायचंय ते त्याच्या पुढचं आहे. त्या रात्री आईने चुलीतला विझलेला कोळसा घेतला आणि चुलीमागच्या भिंतीवर रेघा ओढल्या. एकेका घराची एक ओळ, जितकी माणसं जितके दिवस तितक्या रेघा, जोताची रेघ जाड. मग जुलैभर ती एकेका घरी लावणीला जाऊन एकेक रेघ पुसत होती, राहिलेले दिवस तिने बेणणीला (तण काढायला) फेडले, आणि शेवटची रेघ नागपंचमीच्या आदल्या दिवशी पुसली. तिला कोणी विचारलं नव्हतं, कोणी आठवण करून दिली नव्हती. मी तेव्हा म्हटलं होतं की एवढं कशाला मोजतेस, त्यांनी काय मोजलंय का, तर म्हणाली "त्यांनी मोजलं नाय म्हणूनच आपण मोजायचं."

आता परिस्थिती अशी की आई एकसष्ट वर्षांची, बाबांना वाकता येत नाही, मी पुण्यात, भाऊ मुंबईत. वाडीतली अर्धी घरं गणपती आणि शिमगा सोडला तर बंद. मजुरी यंदा बाईला ४०० आणि गड्याला ६०० वर जेवण, तेही माणूस मिळालं तर. गेल्या वर्षी आमची तीन खाचरं पडीक राहिली. मी या वर्षी लावणीला आठ दिवसांची रजा टाकलीय आणि माझ्या डोक्यात आहे की वाडीत सावड परत धरायची. पण कशी? ज्यांच्याकडे अजून चालू आहे त्यांनी प्लीज लिहा. तुमच्याकडे तिला काय म्हणतात तेही सांगा.


माणदेशी_भाकर | २३ जून, २२:३०

आमच्याकडं पैरा म्हणत्यात. आज मी तुझ्या रानात भांगलायला, उद्या तू माझ्या, "पैरा फेडायचा राहिलाय" हे वाक्य लहानपणापास्नं ऐकत आलोय. वारंगुळा म्हणजे बैलांचा, ज्याच्याकडं एकच बैल असायचा तो दुसऱ्या एका बैलवाल्याबरोबर जोडी जमवायचा आणि आळीपाळीनं दोघांची रानं कसायची. आणि इर्जिक ह्या दोन्हीपेक्षा वेगळी बरं का, लोकं सगळ्याला एकच समजतात. इर्जिकीत दहा-बारा औतं एकाच दिवशी एकाच्या रानात उतरायची, ज्याचं रान त्यानं सगळ्यांना पोटभर जेवण घालायचं आणि विषय संपला, तिथं दिवसाला दिवस फेडायचा हिशोब नसायचा. म्हणून आजारी माणसाच्या, नवरा गेलेल्या बाईच्या रानात इर्जिक घालायचे.

बैल गेले तसा वारंगुळा गेला, ट्रॅक्टर आल्यावर इर्जिकीचं काय कारणच उरलं नाही. पैरा मात्र बायकांनी टिकवलाय, आमच्या वस्तीवर आजही बाजरीच्या काढणीला चालतो.

अजून एक सांगतो, शेतीचं नाहीये पण मला तेच वाटतं. २०१९ च्या उन्हाळ्यात आमची जनावरं चारा छावणीत होती, प्यायला टँकर. आणि त्याच साली ऑगस्टमधे कृष्णाकाठाला महापूर, सांगली-पलूस-शिरोळ पाण्यात. आमच्या गावात मंदिरातल्या स्पीकरवर एकदाच सांगितलं, प्रत्येक घरातनं दहा भाकऱ्या. माझी आई पहाटे चारला उठली, तिनं दहाच्या पंचवीस केल्या. शेंगदाण्याची चटणी, ठेचा, कागदात बांधून दोन पिकअप भरून गेल्या. एकानं विचारलं आपल्यालाच पाऊस नाही आणि आपण कुठं भाकऱ्या पाठवतोय, तर म्हातारी माणसं म्हणाली आपल्या दुष्काळात जनावरांना उसाचं वाडं (उसाची हिरवी शेंडं) कुठनं आलंवतं ते आठव. काहींनी पैसं घेतलं होतं वाड्याचं, पण काहींनी तसंच दिलं होतं, आणि ते कोण होते हे गावाला नावानिशी माहीत होतं.


घाटमाथा | २४ जून, ०७:१५

आंबेगाव तालुका, भीमाशंकरच्या अंगाला. आमच्यात पडकई. इकडे पडकई म्हणजे नुसती लावणी नाही, डोंगराच्या उतारावर भाताची खाचरं पाडायची ती पडकई. पाऊस एवढा पडतो की उतारावरची माती राहतच नाही, म्हणून उन्हाळ्यात दहा-पंधरा घरं एकत्र येऊन एकाच्या उतारावर दगडाचा बांध घालायचा, माती ओढून सपाट करायची, मग पुढच्याकडे. पहार, टिकाव, फावडं, घमेलं, बस. एका घराने एकट्याने एक खाचर करायचं म्हटलं तर हयात जाईल. नंतर शासनानेही पडकई योजनेत घेतली आणि त्यात मजुरी मिळायला लागली, ते चांगलंच झालं, कारण उन्हाळ्यात लोकांना काम शोधत नारायणगाव-मंचरकडे जावं लागायचं ते जरा थांबलं.

माझ्या आज्याने बांधलेला बांध अजून उभा आहे. त्यातले खालचे दगड ज्यांनी बसवले त्यांची नावं आजी सांगायची, हा अमक्याने लोटत आणलेला, ह्याच्याखाली तमक्याचं बोट सापडलं होतं.


लालबागचा_गडी | २४ जून, १०:०५

ताई तुमची पोस्ट वाचून अंगावर काटा आला कारण मी तुमच्या शेजारच्याच तालुक्याचा, पण आमचा जन्म लालबागमधला. कोकणात सावड एवढी घट्ट का होती याचं एक कारण मुंबईत आहे असं मला वाटतं. पुरुष सगळे गिरणीत, गावाला शेती बायकांच्या अंगावर. चिखलणीला गडी नाही, जोत धरायला माणूस नाही, मग बायकांनी एकमेकींना धरून राहण्याशिवाय काय करायचं?

आणि इकडे गड्यांची पण एक सावडच होती. आजोबा ज्या खोलीत राहायचे ती गावाची खोली, एका वाडीची तीसेक माणसं, प्रत्येकाची एक ट्रंक आणि एक वळकटी. पाळीप्रमाणे झोप, रात्रपाळीवाले आले की दिवसपाळीवाले उठणार आणि तीच जागा त्यांना. नवीन पोरगा गावाहून आला की काम लागेपर्यंत त्याच्याकडून भाडं घ्यायचं नाही असा नियम. जेवण खानावळवाल्या बाईकडे, महिन्याचा हिशोब पगाराला. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर, आणि पगारच नाही तर खानावळीचे पैसे कुठले? आजोबांची खानावळवाली बाई (आम्ही तिला मावशीच म्हणायचो) तिने चार-पाच महिने उधारीवर घातलं, स्वतःच्या पाटल्या मोडल्या. या खानावळवाल्या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून द्यायला प्रेमा पुरव यांनी १९७५ मधे अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं होतं, ते गिरणगावातूनच उभं राहिलं.

आजोबा ८२ ला गावी गेले ते परत आले नाहीत. पण मावशीची उधारी त्यांनी भात विकून दोन वर्षांत फेडली, शेवटचे पैसे माझ्या वडिलांच्या हातून पाठवले. खोली अजून ग्रामस्थ मंडळाकडेच आहे, आता परीक्षेला आणि हॉस्पिटलच्या कामाला येणारे उतरतात.


निळी_पहाट | २४ जून, १३:२०

सगळ्यांचं वाचलं, मनापासून लिहिलंय सगळ्यांनी, त्यामुळे हे लिहायला जड जातंय पण लिहितो. माझे आजोबा सातारा जिल्ह्यातले, गावकुसाबाहेरचे. त्यांना कोणी पैऱ्यात धरलं नाही. पैरा बरोबरीच्या माणसांत होतो, ज्याच्याकडे रान आहे, बैल आहे त्यांच्यात. आमच्या माणसांना बोलावलं जायचं ते काम गावाचा हक्क समजून, सांगावा पोचव, लाकडं फोड, मेलेलं जनावर ओढ, आणि बदल्यात काय तर बलुतं, तेही देणाऱ्याच्या मर्जीने. त्याला पण लोक "गाव एकोप्याने राहायचं" असंच म्हणतात. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात वतनाच्या (पिढीजात गावकामाच्या) कायद्यात दुरुस्तीचं बिल मांडलं ते याच गुलामीविरुद्ध, आणि वतनं रद्द व्हायला १९५८ चा कायदा यावा लागला. रोख मजुरी आली तेव्हा आमच्या घरात सुटका झाली. हातात पैसे पडले की कोणाच्या उपकारात राहावं लागत नाही, ही भावना ज्यांनी वेठ केली त्यांनाच कळेल.

आमच्या वस्तीची आपली आपली सावड होती, ती वेगळी. माझ्या आजीच्या मयताला लाकूड, कापड, येणाऱ्यांचा चहा, सगळं वस्तीच्या भिशीतून झालं, वडिलांच्या खिशातला एक रुपया कोणी काढू दिला नाही. जयंतीच्या वर्गणीतून उरलेल्या पैशात पुस्तकं घेतली, त्याच खोलीत अभ्यास करून मी आणि माझ्याबरोबरची दोन मुलं नोकरीला लागलो. तेव्हा एकमेकांना धरून राहणं मला नको असं नाही. फक्त तरवाताई, तुमच्या भिंतीवरच्या रेघांत वाडीतली सगळी घरं होती का, हे एकदा आईला विचारा.


कडेपठार | २४ जून, १४:०२

निळी_पहाट यांच्या पोस्टला अनुमोदन. हे बोललंच पाहिजे.


तरवा | २४ जून, २२:१०

निळी_पहाट, धन्यवाद, खरंच. मी आत्ता आईला फोन केला. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली की बौद्धवाडीतल्या दोघी त्या दिवशी आल्या होत्या, पण त्यांना मजुरी दिली होती, त्यांची रेघ ओढली नव्हती. का नाही असं विचारलं तर म्हणाली "तशी पद्धतच नव्हती." मला चौदा बायका आठवत होत्या, आई म्हणते सोळा होत्या. मी त्या दोघींना मोजलंच नव्हतं. हे मला आज कळलं आणि तेच डोक्यात आहे.


टिलरवाला | २५ जून, ०६:५०

कुडाळकडचा आहे, आमच्याकडे सहा घरांत गेली पाच वर्षं सावड चालू आहे त्यामुळे तुमच्या "कशी" चं उत्तर देतो. पहिली गोष्ट, अख्खी वाडी धरायला जाऊ नका, पाच-सहा घरं पुरे, त्यात कमीत कमी एक पॉवर टिलरवालं हवं. बैल आता कोणाकडे नाहीत तेव्हा टिलरचा भाव आधी ठरवा, आमच्यात एक तास टिलर म्हणजे दोन माणसांचा एक दिवस, डिझेल ज्याचं शेत त्याचं. हे आधी बोललं नाही की टिलरवाल्याला वाटतं आपल्यालाच जास्त पडतंय आणि दुसऱ्या वर्षी तो येत नाही, मी स्वतः दुसऱ्या वर्षी रुसलो होतो.

दुसरं म्हणजे नंबर लावताना कोण मोठा, कोण भाऊबंद हे बघायचं नाही, ज्याचा तरवा जुना त्याचं शेत आधी. म्हणून पेरणीच पुढेमागे करा, सहा घरांनी एकाच दिवशी पेरलं तर सगळ्यांचा तरवा एकाच दिवशी तयार आणि मग भांडणं. यंदा तुमची वेळ गेली, पुढच्या वर्षी तीन-तीन दिवसांच्या फरकाने पेरा.

ज्यांना वाकता येत नाही त्यांना वगळू नका. आमच्यात एक आजोबा आहेत, ते बांधावर बसून तरव्याच्या मुठी बांधतात आणि त्यांचा पूर्ण दिवस धरतो. एक वहिनी सगळ्यांची लहान पोरं सांभाळते, तिचाही पूर्ण दिवस. जेवण साधं ठेवा, भाकरी, कुळथाची पिठी, सुकट. आमच्याकडे एका घराने मटण केलं तर पुढच्याला वाटलं आपल्यालाही करायला पाहिजे आणि ते गरीब घर सावडीतून बाहेर पडलं, तेव्हापासून जेवण ठरलेलं आहे.

हिशोब वहीत, व्हॉट्सअ‍ॅपवर नको, तिथे वर जातो आणि दिसत नाही.


नांगरमुक्त | २५ जून, ०९:३३

लावणीच कशाला? सगुणा भात तंत्र करा, नेरळच्या सगुणा बागेत तयार झालेलं आहे, गादीवाफ्यावर थेट टोकणणी (बी टोचून पेरायचं), चिखलणी नाही लावणी नाही. मी चार वर्षं करतोय.


टिलरवाला | २५ जून, १२:१८

@नांगरमुक्त चांगलं आहे ते, पण पहिल्या वर्षी गादीवाफे पाडायला आणि नंतर टोकणणीला माणसं लागतातच की, तिथेही सावडच कामाला येते. या वर्षी त्यांचा तरवा उभा आहे, तो लावायचा आहे.


माळव्यातून | २५ जून, १५:४०

इंदूरहून. आमच्या शेजारी झाबुआच्या भिल्ल समाजात याला हलमा म्हणतात. एखाद्या कुटुंबाने सगळं करून बघितलं आणि तरी अडचणीतून निघता येत नसेल तर ते हलमा बोलावतं, मग गाव येतं, आणि पैसे घेत नाहीत. झाबुआ शहराजवळच्या हाथीपावा टेकडीवर हजारो लोक गैती (टिकाव) आणि फावडी घेऊन पाण्यासाठी चर खोदायला येतात, ते मी डोळ्यांनी पाहिलंय, बायका डोक्यावर टोपली घेऊन गाणी म्हणत चढत होत्या. मला त्यात सगळ्यात आवडलं ते हे की मागणाऱ्याला कमीपणा नाही. बोलावणं हा त्याचा अधिकार आहे.


बर्फातली_मंजू | २५ जून, १९:२५

फिनलंडमधे ताल्कोत म्हणतात. आमच्या सोसायटीत वसंतात एक दिवस ठरतो, सगळे खाली उतरून पाला गोळा करतात, बाकं रंगवतात, मग सॉसेज भाजून कॉफी. इथे शेजारी वर्षभर लिफ्टमधे बोलत नाहीत, पण माझी मुलगी जन्मली तेव्हा दारात सूप ठेवून गेलेली बाई मला त्याच दिवशी दंताळं हातात घेऊन भेटली होती.


शिळोप्याची_ओटी | २५ जून, २०:५०

सगळे शेतीचं बोलतायत म्हणून एक वेगळं लिहिते. कडू घास. ज्या घरात माणूस जातं तिथे त्या दिवशी चूल पेटवत नाहीत, शेजारपाजारचे पिठलं-भाकरी आणून त्या घरच्यांना बळंच दोन घास खायला लावतात. माझे मिस्टर गेले तेव्हा आम्ही नाशिकला नवीन फ्लॅटमधे येऊन दोनच महिने झाले होते, कोणाची ओळख नाही. समोरच्या ताई डबा घेऊन आल्या, माझ्या शेजारी जमिनीवर बसल्या आणि भाकरीचा तुकडा मोडून माझ्या हातात दिला. काही बोलल्या नाहीत. त्यांची भाषा वेगळी, त्या मराठी नव्हेत, त्यांना कडू घास हा शब्दही माहीत नव्हता, खाली वॉचमनच्या बायकोने त्यांना सांगितलं होतं की असं करतात. अकरा वर्षं झाली, आजही आमच्या दोघींच्या दारांना दिवसा कडी नसते.


माणदेशी_भाकर | २५ जून, २१:३७

_/\_ ताई.


तरवा | १४ जुलै, २२:५५

सगळ्यांना सांगायचं राहिलंय. लावणी झाली!

पाच घरांना विचारलं, तीन तयार झाली, खालच्या घरातल्या काकीचा मुलगा चार दिवसांसाठी मुंबईहून आला, त्याच्याकडेच टिलर. भाव टिलरवाला यांनी सांगितला तोच ठेवला. नंबर तरव्याच्या वयाने लावले, त्यामुळे आमचा पहिला नव्हताच, तिसरा होता. मी आधी दोन दिवस दुसऱ्यांच्या शेतात होते, पहिल्या दिवशी कंबर धरली, हात सुजले, पण तिसऱ्या दिवशी आपल्या बांधावर उभं राहिल्यावर कोणाकडे बघायला संकोच वाटला नाही. बाबांना बांधावर खुर्ची टाकून दिली, त्यांनी मुठी बांधल्या, त्यांचा पूर्ण दिवस धरला. सातपैकी सहा खाचरं लागली. सातव्यात पाणी ठरत नाही, बांध फुटलाय, तो मे महिन्यात सगळ्यांनी मिळून घालायचं ठरलंय.

बौद्धवाडीत आई स्वतः गेली, मी बरोबर होते. त्या वर्षी आलेल्या दोघींतल्या एक आता नाहीत, त्यांची सून आहे. ती म्हणाली मला मजुरीच द्या, मला पैशाची गरज आहे, आणि तिचं बरोबर आहे, तिला इतरांएवढीच संध्याकाळी हातात दिली. दुसऱ्या काकी म्हणाल्या मला शेत नाही, तुम्ही माझा दिवस फेडणार कशात? त्यावर बरंच बोलणं झालं. शेवटी असं ठरलं की त्यांच्या घराची कौलं मे महिन्यात परतायची आहेत, तेव्हा आमच्या घरातली दोन माणसं जातील, आणि परसातल्या भाजीच्या कुंपणाला एक दिवस. त्या आल्या, दुपारी पडवीत सगळ्यांच्या ओळीतच बसून जेवल्या. जेवताना आई त्यांना म्हणाली, "तवाचं पन ऱ्हायलंय माझ्याकडं." काकी म्हणाल्या "बघू."

स्वयंपाकघराच्या भिंतीला आता टाइल्स आहेत, कोळसा उठत नाही. म्हणून आईने कालनिर्णयच्या जुलैच्या पानामागे पेनाने रेघा ओढल्यात. कौलांच्या दोन आणि कुंपणाची एक अशा त्या काकींच्या तीन, आणि त्याच ओळीत थोडं अंतर सोडून अजून एक रेघ आहे, ती त्या वर्षीची. खालच्या घराचे दोन दिवस बाकी आहेत, शनिवारी पहाटेच्या एसटीने मी परत जातेय.